एका दिवसाचे कोल्हापूर

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या घरी निरोप यायला सुरुवात होते. वडिलांच्या वेळी पोस्टकार्डे येत, हल्ली फोन येतात. मजकूर मात्र तोच राहिला आहे. "आम्ही अमुक तारखेला सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसने उतरतो. रात्री त्याच गाडीने परत. तेवढ्यात काय काय पाहून होईल?" या 'काय काय'मध्ये अंबाबाई असते, जोतिबा असतो, पन्हाळा असतो, न्यू पॅलेस आणि रंकाळा असतात, नरसोबाची वाडी असते, जमलेच तर खिद्रापूरचे कोपेश्वराचे देऊळ असते, आणि जाता जाता चपला, गूळ व तांबडा-पांढरा रस्सा हेही असतेच असते. यादी संपली की मंडळी म्हणतात, "बाकी तुम्ही सांगाल तसं!" बाकी म्हणजे काय उरले, हे मला आजवर समजलेले नाही.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मराठी शिकवतो आणि गडमुडशिंगीला राहतो. गाव करवीर तालुक्यातले, शहरापासून आठ-दहा किलोमीटरवर. विमानतळ आमच्या शिवाराला लागूनच असल्यामुळे विमानाने येणारे पाहुणेही आम्हांलाच आधी भेटतात. अशा पाहुण्यांना गेली वीस वर्षे मी कोल्हापूर दाखवत आलो आहे. त्यातून माझा एक ठाम समज झाला आहे. एका दिवसात शहर पाहायचे असेल तर काय पाहायचे हे ठरवण्याआधी काय पाहायचे नाही हे ठरवावे, आणि तेही ठरवण्याआधी पाहुण्यांपैकी प्रत्येकाला, विशेषतः घरातल्या सर्वांत वडील माणसाला, एकदा विचारावे की "तुम्हांला नेमकं काय बघायचंय?"

आधी थोडे अंकगणित

वरची यादी नकाशावर मांडून पाहा. पन्हाळा कोल्हापूरच्या वायव्येला वीस किलोमीटरच्या आसपास. जोतिबाचा डोंगर त्याच वाटेवर थोडा आडबाजूला. खिद्रापूर पूर्वेला, साठ किलोमीटरच्या घरात. वाडी त्याच बाजूला, त्याहून अलीकडे. म्हणजे पन्हाळा करून परत शहरात यायचे, आणि मग खिद्रापूर करून पुन्हा परत यायचे, तर दीडशेहून अधिक किलोमीटर नुसती धाव झाली. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, घाटात गाड्यांची रांग असते. दिवसाचे चार-पाच तास मोटारीतच जाणार. उरलेल्या वेळात दोन वेळचे जेवण, देवीच्या दर्शनाची रांग आणि लहान मुलांच्या मागण्या. शहर पाहायला उरते काय? खिडकीतून दिसते तेवढे.

हे दुखणे आपल्याच गावचे नाही. आमच्या शेजारचे एक जोडपे गेल्या वर्षी व्हिएतनामच्या सहलीला जाऊन आले. हो चि मिन्ह सिटीला, म्हणजे जुन्या सायगावला, त्यांच्या वाट्याला एकच दिवस होता. सकाळीच त्यांना कू चीची भुयारे पाहायला नेले. युद्धकाळात गनिमांनी खणलेली ती भुयारे पाहण्यासारखी आहेत यात शंका नाही. पण ती शहरापासून साठ-सत्तर किलोमीटर दूर. परत येईतो दुपार कलली. शहराच्या मध्यावर फ्रेंचांनी बांधलेले १८८० सालचे कॅथीड्रल आहे, त्याच्या शेजारीच १८९१ साली पुरे झालेले देखणे पोस्ट ऑफिस आहे, आणि ३० एप्रिल १९७५ रोजी ज्याचे फाटक मोडून रणगाडा आत शिरला व युद्ध संपले, तो राजवाडाही तिथून चालत जाण्याइतका जवळ आहे. पायी दोन-तीन तासांत हे सारे झाले असते. शेजाऱ्यांनी ते बसमधून पाहिले. "पाहिलं म्हणजे, डाव्या बाजूला होतं म्हणे," असे वहिनी सांगत होत्या. त्या उजव्या बाजूला बसल्या होत्या!

पन्हाळा हा आमचा कू ची आहे. थोर आहे, पाहायलाच हवा, पण त्याला त्याचा स्वतंत्र दिवस द्यावा. बाजीप्रभू आणि शिवा काशीद यांच्या गडावर घड्याळाकडे पाहत हिंडणे बरे नव्हे.

सकाळ पायी चालण्याची

गाडी सात-साडेसातच्या सुमारास येते. स्नान, चहा उरकून थेट देवळात जावे. मंगळवार, शुक्रवार, सुट्टीचे दिवस आणि नवरात्र या वेळी रांग फार मोठी असते, म्हणून जितके लवकर जाल तितके बरे. अंबाबाईचे तोंड पश्चिमेला आहे. एरवी देवळे पूर्वाभिमुख असतात. इथे मावळतीचा सूर्य देवीच्या भेटीला येतो. ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी आणि ९, १०, ११ नोव्हेंबर या दिवसांत संध्याकाळी सूर्यकिरण महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर किरण पोहोचावेत अशी ही योजना. बांधणाऱ्यांनी हा हिशेब शेकडो वर्षांपूर्वी केला. आपण मात्र त्या किरणांच्या वाटेत इमारती उठवल्या. ढग आणि धूळ यांचीही भर पडते. त्यामुळे किरणोत्सव दर वेळी सारखाच साधतो असे नाही. तरीही ज्यांची सुट्टी त्या दिवसांत येते त्यांनी क्रम उलटा करावा. सकाळी बाकीचे पाहून घ्यावे आणि संध्याकाळ देवीसाठी राखावी.

देवळातून बाहेर पडले की भवानी मंडप अगदी लागून. हा छत्रपतींचा जुना राजवाडा; तुळजाभवानीचे मंदिर इथेच आहे. तिथून बिंदू चौक थोड्याच अंतरावर. या चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे शेजारी शेजारी उभे आहेत. ते बसवले ९ डिसेंबर १९५० रोजी, भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने. म्हणजे बाबासाहेब हयात असताना. मुलांना हे अवश्य सांगावे. जिवंतपणी माणसाला ओळखणारे गाव म्हणजे काय, ते त्यांना तिथे उभे राहून कळते.

मग खासबाग. १९०२ साली शाहू महाराज राज्याभिषेकाच्या निमित्ताने विलायतेला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमची प्राचीन क्रीडागारे पाहिली आणि तसे कुस्तीचे मैदान आपल्या राजधानीत असावे असे त्यांच्या मनाने घेतले. १९१२ साली ते मैदान तयार झाले. बशीसारखी चारी बाजूंनी उतरत आलेली बैठक आणि मधोमध तांबड्या मातीचा हौदा. सर्वांत मागे बसलेल्या शेतकऱ्यालाही डाव स्पष्ट दिसावा, ही त्यातली खरी दृष्टी. मैदान रिकामे असले तरी पाच मिनिटे वरच्या पायरीवर बसावे.

खासबागेला लागूनच संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. पूर्वी याला पॅलेस थिएटर म्हणत. १९१५ साली ते उभे राहिले. केशवराव कोल्हापूरचेच. 'ललितकलादर्श' नाटक मंडळीचे ते धनी. १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्वांबरोबर त्यांनी केलेला संयुक्त 'मानापमान'चा प्रयोग मराठी रंगभूमीच्या इतिहासात अजरामर झाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते ऐन उमेदीत गेले. त्यांच्या नावाचे हे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले. दुसरा दिवस त्यांच्या जयंतीचा होता. पुढे त्याच्या पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले.

आत्याचा दिवस

आग लागल्यानंतर काही महिन्यांनी माझी आत्या आली होती. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे दुखरे. तिचे माहेर मंगळवार पेठेत. लग्न होऊन ती मुंबईला गेली त्याला साठ वर्षे झाली. आजोबांच्या मागे वाडा विकला गेला, वडिलांनी गडमुडशिंगीला घर बांधले आणि आत्याचे येणे हळूहळू थांबले. या वेळी मुलाला रजा एकाच दिवसाची होती. आतेभावाने तासातासाचा तक्ता करून आणला होता : आठ वाजता देवी, साडेनऊला पन्हाळा, एकला जेवण, दोनला न्यू पॅलेस, साडेतीनला कणेरी मठ, सहाला रंकाळा. तक्ता निर्दोष होता. फक्त त्यात आत्या कुठे बसेल याचा विचार नव्हता.

मी तिला विचारले, "आत्या, तुला काय बघायचंय?"

ती म्हणाली, "मला काही नको रे. देवीला जाऊ, आणि खासबागेवरनं चालत घरी."

घर तिथे नव्हते. आता तिथे चार मजली इमारत आहे, हे तिलाही ठाऊक होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "थेटर जळलं म्हणं. तेही दाखव."

"आजी, जळलेलं काय बघायचं?" नातवाने विचारले. प्रश्न रास्तच होता. तिने उत्तर दिले नाही.

पन्हाळा त्या दिवशी आम्ही सोडला. आतेभाऊ जरा नाराज झाला, आणि मला त्याचे नवल वाटले नाही. पोराबाळांना कबूल केलेला किल्ला होता तो. देवीचे दर्शन झाल्यावर रिक्षाने खासबागेच्या कोपऱ्यावर उतरलो. नाट्यगृहाभोवती पत्रे लावलेले होते. फटीतून काळवंडलेल्या भिंती दिसत होत्या. आत्या काठी टेकून उभी राहिली. शनिवारी रात्री आजोबा तिला नाटकाला आणीत. दुसऱ्या अंकात ती झोपून जाई आणि मग ते तिला खांद्यावर टाकून घरी नेत. तिथून घरापर्यंत किती पावले होती, तेसुद्धा तिने सांगितले. "नाटक एकही शेवटपर्यंत पाहिलं नाही मी," ती हसून म्हणाली. मुले आता गप्प होती. नातू पत्र्याच्या फटीला डोळा लावून आत बघत होता.

आम्ही निघालो तशी ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. मी येतो."

"आजी, येतो काय? येते!" नात खुदकन हसली.

वाचकहो, मी मराठीचा मास्तर आहे. अशा ठिकाणी माझे कान आपोआप टवकारतात. आमच्या कोल्हापूरकडे बायका 'मी येतो, मी जातो' असे सर्रास म्हणतात. मुंबईत साठ वर्षे 'येते-जाते' करणाऱ्या आत्याच्या तोंडून हा 'येतो' त्या पत्र्यांसमोर उभा असतानाच निघाला, आणि संध्याकाळपर्यंत ती तसेच बोलत राहिली. माहेर कुठे शिल्लक होते ते मला तिथे दिसले. पन्हाळ्याला गेलो असतो तर ती बिचारी मोटारीत बसून सर्वांच्या पिशव्या सांभाळत राहिली असती.

दुपार : दोहोंपैकी एक

अकराच्या सुमारास मिसळ खावी. कोल्हापूरची मिसळ तिखट असते ही कीर्ती खरी आहे, पण ताठ बसून घाम पुसत खाण्याची काही गरज नाही. कट कमी घालायला सांगता येतो आणि तसे सांगितल्याने कोणी हसत नाही. त्यानंतर न्यू पॅलेस किंवा टाऊन हॉलचे वस्तुसंग्रहालय, यांपैकी एकच निवडावे.

मुले बरोबर असतील तर न्यू पॅलेस. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावरून १८७७ ते १८८४ या काळात घडीव काळ्या दगडात हा राजवाडा बांधला. मधला घड्याळाचा मनोरा दुरूनही दिसतो. आत छत्रपती शहाजी संग्रहालय आहे. शस्त्रे, शिकारीतली जनावरे आणि दरबार हॉलच्या रंगीत काचांवरले शिवचरित्रातले प्रसंग, यांत मुलांचे दोन तास सहज जातात.

वाचनाची आवड असलेली मंडळी असतील तर टाऊन हॉल. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरी नावाचे टेकाड आहे. १९४५-४६ साली तिथे सांकळिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केले व सातवाहनकाळचे नांदते नगर उजेडात आणले. त्या टेकाडात ग्रीकांच्या सागरदेवतेची, पोसायडनची, एक छोटी ब्राँझची मूर्ती मिळाली. रोमन व्यापाऱ्यांच्या हातून फिरत फिरत समुद्राचा देव सह्याद्री ओलांडून पंचगंगेच्या काठी आला! जिथे समुद्राचा वासही येत नाही अशा गावी तो दीड-दोन हजार वर्षे मातीत पडून होता. संग्रहालयाचा हा मानाचा ठेवा आहे. मात्र कोणतेही संग्रहालय निवडले तरी आठवड्याची सुट्टी आणि दुपारची वेळ आधी विचारून घ्यावी. बंद दारापुढे उभे राहण्यात बराच वेळ जातो.

दुपारी जेवून तासभर आडवे व्हावे. पाहुण्यांना हे पटत नाही. पण संध्याकाळचे कोल्हापूर ज्याला पाहायचे आहे, त्याने दुपारी पाय वर करावेतच.

संध्याकाळ

चार वाजता खरेदी. गुजरीत साज, ठुशी पाहून घ्यावी. नुसते पाहण्याला पैसे पडत नाहीत, अशी पुरुषांनी स्वतःची समजूत घालावी. चपला मात्र संध्याकाळीच घ्याव्यात. दिवसभर चालून पाऊल जरा फुगलेले असते, त्या मापाची चप्पल पुढे घट्ट होत नाही. अस्सल चप्पल बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याची असते. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे येतात. जून २०२५ मध्ये मिलान शहरात प्राडा या इटालियन कंपनीने तसल्याच वहाणा आपल्या फॅशनच्या मेळ्यात मिरवल्या, तेव्हा आमच्याकडे किती गलबला झाला ते वाचकांच्या स्मरणात असेल. नवी चप्पल पायात घालून लगेच रंकाळ्याला फेरी मारायला मात्र जाऊ नये. ती चावते. चार दिवस घरात तेल लावून वापरावी.

सूर्य कलताना रंकाळ्याच्या काठी असावे. काठावरच्या नंदीची गोष्ट मुलांना सांगावी : नंदी रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, आणि तो तळ्याला पोहोचला की प्रलय होतो. आत्याच्या नातवंडांनी ही गोष्ट ऐकून लगेच गहू आणि तांदूळ यांच्या लांबीतला फरक काढून प्रलयाची तारीख ठरवायला घेतली. पन्हाळा हुकल्याचे दुःख तिथेच विरले. मग भेळ, नंतर जेवण, आणि गाडीला वेळ असेल तर गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर काढलेले म्हशीचे धारोष्ण दूध. पैलवानांचे गाव आहे, एवढा मान ठेवावाच.

ज्याचे त्याचे कोल्हापूर

आमच्या गडमुडशिंगीजवळच वळिवडे आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून १९४८ पर्यंत, तिथे पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहत होते. त्यांत बायका आणि मुलेच जास्त. रशियनांनी घरदार सोडायला लावून त्यांना दूर सैबेरियाकडे नेले होते; तिथून सुटून हजारो मैलांचा फेरा करत ती माणसे कोल्हापूर संस्थानच्या आसऱ्याला आली. ती गेल्यावर त्याच वसाहतीत फाळणीने बेघर झालेले सिंधी बांधव आले आणि आजची कापडाची मोठी बाजारपेठ, गांधीनगर, उभी राहिली. पोलिश लोकांचे स्मारक शहरात महावीर उद्यानात आहे. वॉर्सा शहरातही कोल्हापूरचे स्मारक आहे. वळिवड्यात लहानाचे मोठे झालेल्यांपैकी काही जण म्हातारपणी परत आले. २०१९ साली अशीच काही मंडळी वळिवड्याला आली आणि तिथे स्मृतिस्तंभ उभा राहिला. कोणत्याही प्रवासी पुस्तकात पहिल्या दहांत न बसणारे हे ठिकाण त्यांच्यासाठी जगातले पहिले होते.

म्हणून म्हणतो, यादी करावी, पण ती पाठ करू नये. शहराच्या मध्यावरचा चालत होईल एवढा टापू घ्यावा, दुपारी एकच वस्तू पाहावी, संध्याकाळ पाण्याकाठी घालवावी आणि मधले दोन तास मोकळे ठेवावेत. त्या मोकळ्या तासांत घरातल्या वडीलधाऱ्यांना किंवा अगदी धाकट्याला हवे असेल तिथे जावे. तिथे पाहण्यासारखे काही नाही असे इतरांना वाटले, तरी जावे.

पन्हाळा, जोतिबा, वाडी आणि खिद्रापूर कुठे पळून जात नाहीत. त्यांच्यासाठी पुन्हा या. महालक्ष्मी एक्स्प्रेस रोज आहे. फक्त फोन आठवडाभर आधी करा, म्हणजे आमच्या घरी मटणाची व्यवस्था वेळेवर करता येईल.